‘होस्ट’ या संज्ञेचे दोन अर्थ : क्रॉस-कंपायलेशनच्या इतिहासातील एक प्रकरण

एका जातीच्या संगणकावर दुसऱ्या जातीच्या संगणकासाठी आज्ञावली सिद्ध करणे, यास क्रॉस-कंपायलेशन म्हणतात. ही पद्धती जुनी आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन यांनी युनिक्सचा पाया घातला, त्या वेळी पीडीपी-७ या लहान संगणकासाठीच्या आज्ञावल्यांचे यंत्रभाषेत रूपांतर जीई-६३५ या मोठ्या संगणकावर होई आणि छिद्रे पाडलेली कागदी पट्टी पीडीपी-७ कडे नेली जाई. पुढे संपादक, असेंब्लर व शेल तयार झाल्यावर लहान संगणक स्वावलंबी झाला. येथे घडविणारा आणि चालविणारा संगणक डोळ्यांस वेगळे दिसत होते. त्यांच्या नावांविषयी घोटाळा होण्याचे कारण नव्हते.

एखादी आज्ञावली घडविण्यासाठी तिच्याच पोटातील दुसरी आज्ञावली आधी चालवावी लागते, तेव्हा मात्र प्रश्न बिकट होतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या जीसीसी या कंपायलरमध्ये प्रत्येक प्रोसेसरचे वर्णन स्वतंत्रपणे लिहिलेले असते. ते वाचून सी भाषेतील मजकूर निर्माण करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या प्रथम तयार कराव्या लागतात. ग्नू प्रकल्पाच्या परिभाषेत म्हणून तीन संज्ञा आढळतात. जेथे घडण होते तो संगणक ‘बिल्ड’. घडलेला कंपायलर जेथे चालावयाचा तो ‘होस्ट’. आणि त्या कंपायलरने ज्याच्यासाठी यंत्रभाषा निर्माण करावयाची तो ‘टार्गेट’. तिन्ही भिन्न असल्यास त्या घडणीस ‘कॅनेडियन क्रॉस’ म्हणतात. हा ऊहापोह चालू असताना कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, त्यावरून हे नाव पडले.

तथापि ही परिभाषा सर्वमान्य झाली नाही. लिनक्स कर्नलच्या घडणीत ‘होस्टसीसी’ म्हणजे घडण करणाऱ्या संगणकासाठीचा कंपायलर होय. सीमेक या साधनातही ‘होस्ट’ या शब्दाचा रोख त्याच संगणकाकडे आहे. म्हणजे ग्नूच्या ग्रंथांत जो ‘बिल्ड’, तोच इतरत्र ‘होस्ट’. एका परंपरेत वाढलेला वाचक दुसरीतील सूचना वाचू लागला, की तो नेमका उलटा अर्थ घेण्याचा संभव असतो.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व एलएलव्हीएम या प्रकल्पात स्पष्ट दिसते. २००० साली इलिनॉय विद्यापीठात त्याचा आरंभ झाला. त्यातील ‘टेबलजेन’ ही आज्ञावली प्रोसेसरांची वर्णने वाचून सी++ भाषेतील कोष्टके निर्माण करते. इंटेल जातीच्या संगणकावर आर्म प्रोसेसरसाठी एलएलव्हीएम घडविताना टेबलजेनही आर्मसाठीच घडविले, तर ते घडणीच्या संगणकावर चालत नाही आणि काम तेथेच थांबते. यास्तव ‘नेटिव्ह’ नावाच्या वेगळ्या निर्देशिकेत टेबलजेनची स्थानिक प्रत आधी सिद्ध केली जाते. मूळ मजकूर एकच, परंतु भूमिका दोन : एक प्रत साधन, दुसरी फलित. हीच योजना पुढे अन्य कामीही आली. दोषशोधनासाठी घडविलेले टेबलजेन मंदगतीने चालते. म्हणून तशा घडणीतही त्याची वेगवान प्रत स्वतंत्रपणे तयार करण्याची सोय आहे.

साधन आणि फलित यांतील भेद विसरला, तरी स्वतःच्याच संगणकासाठी आज्ञावली घडविणाऱ्यास दोष जाणवत नाही, कारण तेथे बिल्ड व होस्ट एकच असतात. त्याची झळ लागते ती, स्वतःची आज्ञावली स्वतः घडविण्याइतके सामर्थ्य ज्यांच्यात नाही अशा लहान यंत्रांसाठी काम करणाऱ्यांना. त्यांच्या दृष्टीने परिभाषेची निश्चिती हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. त्या यंत्रापर्यंत आज्ञावली पोहोचणार की नाही, हे तिच्यावर अवलंबून असते.