बोलपटांची भित्तिपत्रके : एक इतिहाससाधन

'आलम आरा' (१९३१) या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. अशा लुप्त चित्रपटांच्या बाबतीत भित्तिपत्रके व पुस्तिका हीच प्रमुख साधने उरतात. मात्र भित्तिपत्रक भिंतीवर चिकटून नाहीसे व्हावयाचे. संग्राहकाच्या हाती येते ते बहुधा न चिकटविलेले. शिवाय पुनःप्रदर्शनासाठी नवी पत्रके छापली जात. म्हणून चित्रपटाचे वर्ष तेच पत्रकाचे, असे मानणे सदोष होय. तिवसा येथे एखादे पत्रक आढळल्यास मुद्रणालय, वितरक व कागद यांवरून त्याचा काल ठरवावा. वऱ्हाड चित्रव्यवसायात 'सी. पी. बेरार' या वितरणक्षेत्रात मोडते. या नावाचा प्रांत १९५० साली लोपला, परंतु व्यवसायात नाव टिकले. तेव्हा केवळ त्या नावावरून पत्रक जुने ठरत नाही.