घरच्या रेकॉर्डिंगसाठी मॉनिटर स्पीकर घेताय? आधी खोली मोजा, मग पैसे मोजा

पलसाणा (जि. सुरत) : सुरत-धुळे महामार्ग पलसाणा चोकडीवर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. मिलच्या कामासाठी खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे या पट्ट्यात राहतात. अहिराणी गाणी घरीच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणाऱ्या तरुणांपुढे एक प्रश्न हमखास येतो : मॉनिटर स्पीकर कोणता घ्यावा? महिन्याचा पगार एका खरेदीत जाऊ शकतो, म्हणून आधी ही माहिती वाचून घ्या.

साधा स्पीकर आणि मॉनिटर

होम थिएटर किंवा पार्टी स्पीकर गाणे गोड वाटावे म्हणून बेस फुगवतो. त्यावर मिक्स केलेले गाणे मोबाईलवर पोकळ वाजते. मॉनिटर मात्र आवाज आहे तसा दाखवतो, चूक झाली असेल तर तीही. 'पॉवर्ड' किंवा 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. 1978 साली आलेला यामाहाचा एनएस-10 कानाला गोड नव्हता, तरी जगभरच्या स्टुडिओंत तो वर्षानुवर्षे राहिला.

किती इंची?

खोली साधारण 10 बाय 10 ची असते. अशा चौकोनी खोलीत 56 हर्ट्झच्या आसपासचा बेस भिंतींमध्ये घुमतो. तो भिंतीजवळ जास्त ऐकू येतो, बरोबर मधोमध जवळजवळ गायब होतो. त्यामुळे 8 इंची स्पीकर आणून फायदा कमी, त्रास जास्त.

- 3.5 इंची : फक्त गायन, निवेदन आणि ऐकण्यासाठी पुरेसा. उदा. प्रीसोनस एरिस 3.5, याचा बेस साधारण 80 हर्ट्झपर्यंत उतरतो.
- 5 इंची : ढोलकी, संबळ, बँड किंवा डीजे बीट असेल तर हा घ्या. उदा. यामाहा एचएस5, जेबीएल 305पी. भिंतीजवळ ठेवल्यास वाढणारा बेस कमी करायला दोन्हींच्या मागे बटण असते.

दुकानात हे विचारा

1. किंमत एका नगाची की जोडीची? एचएस5 आणि 305पी एकेक विकले जातात, एरिस 3.5 जोडीने. जाहिरातीतला आकडा पाहून इथेच लोक फसतात.
2. केबल, ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन धरून एकूण खर्च किती? माइकवर गाताना स्पीकर बंदच ठेवावा लागतो. म्हणून बजेट तोकडे असेल तर आधी बंद कपांचा हेडफोन घ्या, स्पीकर नंतर.
3. जीएसटीचे पक्के बिल मिळेल का? सर्व्हिस सेंटर कुठे आहे? पक्के बिल नसले की वॉरंटीच्या वेळी अडचण होते.

रेकॉर्डिंगला ब्लूटूथ चालत नाही, आवाज मागे पडतो. इंटरफेसपासून बॅलन्स्ड केबल लावा. घूं-घूं आवाज येत असेल तर आधी घरातले अर्थिंग तपासून घ्या.

कसे लावावे

दोन स्पीकर आणि तुमचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. ट्विटर कानाच्या उंचीला हवा. कोपरा टाळा, खोलीच्या मधोमध बसू नका. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून बेस थांबत नाही, उलट आगीचा धोका. त्यापेक्षा जाड गोधड्या किंवा चिंध्या भरलेल्या गाद्या भिंतीपासून थोड्या पुढे उभ्या करा. पत्र्याचे छत खडखडत असेल तर तो दोष स्पीकरचा नाही. चालू करताना स्पीकर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. मिलच्या भागात कपड्याचा रोवा उडतो. वापर नसताना वरून सुती कापड टाका.

कानाचेही भान ठेवा

85 डेसिबल आवाजात दिवसाला 8 तास ही अमेरिकेच्या निओश संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे. दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे 88 ला 4 तास. लूमच्या खात्यात आवाज याहून जास्त असतो. पाळी करून आल्यावर कान काही काळ बधिर असतात. तेव्हा मिक्सिंगला बसले की आवाज वाढवत नेला जातो. गाणेही बिघडते, कानही. मिक्सिंग सुट्टीच्या दिवशी सकाळी, शेजारी बसून बोलता येईल इतक्याच आवाजात करावे. शेवटी गाणे मोबाईलवर आणि रिक्षातल्या स्पीकरवर वाजवून पाहावे, कारण ऐकणारा तिथेच ऐकणार आहे.