दरवाजे उरले, तट गेला

चीनच्या भिंतीचे चित्र आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेले आहे. डोंगराच्या माथ्यामाथ्यावरून अजगरासारखी गेलेली ती भिंत पाहून वर्गातले एखादे पोर हटकून विचारते, "गुरुजी, एवढी भिंत बांधली कशासाठी?" उत्तर सोपे आहे: घोडेस्वारांसाठी. उत्तरेकडच्या गवताळ रानातून स्वार यायचे, शेतकऱ्यांचे धान्य न् गुरे लुटायचे आणि फौज जमेपर्यंत पसार व्हायचे. इ. स. पूर्व 221 मध्ये सारा चीन एका छत्राखाली आणणाऱ्या सम्राटाने ठिकठिकाणचे जुने मातीचे तट जोडून घेतले. चित्रात दिसते ती विटा-दगडांची भिंत मात्र बरीच अलीकडची, 1368 ते 1644 या काळात राज्य केलेल्या मिंग घराण्याची.

आता घोडेस्वारांच्या धास्तीने बांधलेला तट पाहायला चीनपर्यंत जायला नको. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, याच कारणाने तटाआड गेले. चीनच्या भिंतीपुढे तो तट म्हणजे कुंपणच म्हणा. पण कारण तेच, आणि त्या कारणात आपले पूर्वज आहेत!

मूळ गाव खडकी. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने 1610 च्या सुमारास येथे राजधानी वसवली. मोगलांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून 1612 मध्ये त्याने भडकल दरवाजा उभारला. म्हणजे बघा, शहराचा सर्वांत भव्य दरवाजा हा औरंगजेबाच्या तटापेक्षा सत्तर वर्षांनी जुना! पुढे 1616 मध्ये मोगल फौजांनी हीच खडकी उद्ध्वस्त केली. नंतर शहर मोगलांच्याच हाती आले, आणि 1653 मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या शाहजादा औरंगजेबाने त्याला आपले नाव दिले. ज्यांनी एकदा हे शहर लुटले, त्यांनाच पुढे ते राखण्याची चिंता लागली.

ही चिंता कशी वाढत गेली ते सुरतेवरून कळते. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर गेले, तेव्हा तिथला मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. किल्ला शाबूत राहिला, सुभेदार शाबूत राहिला. शहर मात्र लुटले गेले. किल्ल्याचा तट अंमलदाराला वाचवतो, पेठेला नाही, हे सुरतेच्या सावकारांना त्या चार दिवसांत पुरते उमगले असणार. 1681 च्या आरंभी मराठ्यांच्या फौजा बऱ्हाणपुरावर गेल्या. सरनोबत हंबीरराव मोहिते. तटाच्या आतले शहर बचावले. तटाबाहेरचे बहादुरपुरा नावाचे श्रीमंत उपनगर आणि आसपासचे पुरे धुऊन निघाले. फरक फक्त एका भिंतीचा.

त्याच वर्षी औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. 1682 च्या मार्चमध्ये तो औरंगाबादेस पोहोचला आणि शहराभोवती तट घालण्याचे काम निघाले. दख्खन जिंकायला आलेल्या बादशहाला, ज्याच्या फौजेला हिंदुस्थानात तोड नव्हती त्याला, आधी आपल्या नावाच्या शहराला भिंत घालावी लागली. संभाजी महाराजांच्या स्वारांचा धाक केवढा होता, याचा याहून पक्का दाखला मला तरी माहीत नाही.

हा तट सुमारे 14 फूट उंच आणि घेर सहा मैलांहून थोडा अधिक. मधूनमधून अर्धगोल बुरूज, भिंतीला जंग्या, म्हणजे बंदुकीच्या नळीपुरती भोके. चार दिशांना चार मोठे दरवाजे: उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मक्का, शिवाय लहान दरवाजे पुष्कळ. 'बावन्न दरवाज्यांचे शहर' ही ख्याती त्यातूनच आली.

कुणी म्हणेल, 14 फूट म्हणजे काय उंची झाली? देवगिरीच्या किल्ल्याचे तट आणि कातळात खोदलेला खंदक ज्याने पाहिला आहे त्याला हसू येईल. पण देवगिरी हा वेढा सोसायला बांधलेला. शहराच्या तटाचे काम वेगळे होते. मराठ्यांचे बळ वेगात. घोडा 14 फूट भिंत चढत नाही, आणि हलक्या स्वारीबरोबर भिंत पाडणाऱ्या तोफा नसतात. शिडी लावायची, दरवाजा फोडायचा म्हणजे वेळ जातो, तेवढ्यात शाही फौज येऊन ठेपते. तटाने एवढा वेळ काढून दिला की त्याचे काम झाले. मात्र सहा मैलांच्या तटावर दर दहा हातांवर एक माणूस ठेवायचा तरी दोन हजार शिबंदी लागते, हा हिशेब मुलांकडून वर्गात जरूर करून घ्यावा.

आणि तटाने सर्वांनाच कुठे पोटात घेतले? कर्णपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा ही मोगलांच्या राजपूत सरदारांच्या नावांनी वसलेली वस्ती. हे पुरे बाहेरच राहिले. बहादुरपुऱ्याची हकिकत ऐकलेल्या तिथल्या माणसांना दरवाजे बंद होण्याच्या वेळी काय वाटत असेल? दगड फोडणाऱ्या, चुना मळणाऱ्या हातांचे तर नावच राहिले नाही. चीनमध्ये निदान एक लोककथा आहे: भिंतीच्या वेठीत नवरा मेला म्हणून एक बाई रडली आणि तिच्या आसवांनी भिंत ढासळली.

बादशहाचा उरलेला काळ बहुतेक छावण्यांतच गेला. 1707 मध्ये तो अहमदनगरजवळ वारला. 1763 मध्ये निजामाची राजधानी हैदराबादेस गेली आणि तटाचे महत्त्व ओसरले. इकडे चीनच्या भिंतीची गोष्ट तर 1644 मध्येच संपली होती: शानहायग्वानच्या दरवाज्यावरचा सेनापती वू सानग्वी याने आतूनच मांचूंना वाट दिली.

पुढे वस्ती वाढली, रस्ते रुंद झाले, तट बहुतेक ठिकाणी पाडला गेला. 2023 मध्ये शहराला छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृतपणे मिळाले. ज्यांच्या भीतीने तट झाला त्यांचेच. वेरूळला सहल नेणाऱ्या शिक्षकबंधूंनी भडकल आणि दिल्ली दरवाज्यापाशी अर्धा तास जरूर थांबावे, मुलांना दगडांचे सांधे हाताने चाचपू द्यावेत. वाट कुणालाही विचारा. पैठण गेट, रोशन गेट, कटकट गेट. रिक्षावाला अजून याच नावांनी शहर ओळखतो.