भायखळ्याची बाग आणि मुंबई बघायला आलेला पाहुणा

गावाकडून पाहुणा आला की त्याला मुंबईत काय काय दाखवायचं, हे गिरणगावातल्या घरांत ठरलेलंच असे. राणीची बाग, चौपाटी, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, गेटवे, वेळ उरला तर महालक्ष्मीचं दर्शन. त्यातही पहिला मान बहुधा राणीच्या बागेचा. लालबाग-परळहून तिथे पायी जाता येई आणि आगगाडीने येणाऱ्याला भायखळा स्टेशन जवळ होतं. पाहुणा हत्ती, वाघ, माकडं बघायचा, सावलीत बसून बरोबर आणलेली चटणी-भाकरी खायचा आणि खुशीत परतायचा. ज्या झाडांखाली तो बसला होता, त्या झाडांसाठीच ही बाग मुळात उभी राहिली, हे त्याला सहसा कोणी सांगत नसे.

बागेची कूळकथा शिवडीत सुरू होते. १८३० साली ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था निघाली आणि शिवडीला तिची बाग झाली. दूरदेशीची फळझाडं, उपयोगी पिकं आणि फुलझाडं इथल्या मातीत आणि पावसात जगतात का, हे तिथे पाहिलं जाई. पुढे वाढत्या शहराला दफनभूमीसाठी जागा हवी झाली. शिवडीची ती जमीन त्या कामी गेली आणि बागेचं बिऱ्हाड भायखळ्याजवळच्या माझगावच्या माउंट इस्टेटवर हललं.

१९ नोव्हेंबर १८६२ या दिवशी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ खुली झाली. त्याच दिवशी शेजारच्या संग्रहालयाची पायाभरणी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी केली. या दोन्ही कामांत डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी जीव ओतला होता. आधीचं छोटं संग्रहालय कोटातल्या बराकीत होतं. १८५७च्या धामधुमीत सैनिकांना जागा करून देण्यासाठी त्यातल्या वस्तू बाहेर फेकल्या गेल्या. त्यानंतर नवं संग्रहालय उभारायचं ठरलं, तेव्हा नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड पुढे आले आणि वर्गणी जमू लागली. कापसाच्या तेजीत शहरात पैसा खेळत होता. १८६५ला तेजी कोसळली, काम रखडलं, आणि अखेर सरकारने ते पुरं केलं. १८७२मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. दुसऱ्याच वर्षी बाग नगरपालिकेकडे आली, ती आजतागायत तिच्याकडेच आहे.

बाग खुली असली, तरी कामकरी माणसाला तिथे जायला सवड हवी. गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्यांना हक्काची साप्ताहिक सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून ती मागणी लावून धरली, सभा घेतल्या, हजारो कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. १८९०च्या जून महिन्यात गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. मुंबईतल्या बागांचा इतिहास लिहिताना माळी, वास्तुविशारद आणि देणगीदार यांची नावं येतात. लोखंडे यांचं नाव त्यांच्याबरोबर यायलाच हवं. रविवारी मुलाबाळांना घेऊन बागेत जाण्याची रीत त्या सुटीवरच उभी आहे.

या बागेकडे आणखी एक काम आपसूक आलं. शहराला नकोशी झालेली प्रत्येक वस्तू ठेवायला ती पोटमाळ्यासारखी उपयोगी पडली. घारापुरीच्या किनाऱ्यावर उभा असलेला दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो १८६४मध्ये इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना साखळी तुटली आणि हत्ती फुटला. त्याचे तुकडे बागेत आले. १९१४मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. आज तो संग्रहालयाजवळच आहे, आणि पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

स्वातंत्र्यानंतर पुतळे आले. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे मूळचा काळा घोडा, १९६५मध्ये फोर्टातून इथे हलवला गेला. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही इथलाच रहिवासी झाला. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो शहराला दिला होता. १८९६मध्ये चापेकर बंधूंनी त्याच्या तोंडाला डांबर फासून गळ्यात जोड्यांची माळ घातली होती. मराठी वाचकाने तरी हा पुतळा मुद्दाम जाऊन बघावा. आता बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव आहे, तर संग्रहालय १९७५पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जातं.

तरीही इथलं खरं प्रेक्षणीय धन झाडांतच आहे. सुमारे ५० एकरांत तीन हजारांवर वृक्ष आहेत. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी लालबुंद फुलांचे लोंबते घोस धरते. दक्षिण अमेरिकेतल्या कैलासपतीला फुलं थेट खोडावर येतात, आणि पुढे तिथेच तोफगोळ्यांएवढी फळं लटकतात. आफ्रिकेतली गोरखचिंच आपल्या अवाढव्य बुंध्यामुळे लांबूनच ओळखू येते. परदेशचं तिकीट न काढता तीन खंडांतली झाडं एका सकाळी बघता येतील, अशी दुसरी जागा मुंबईत शोधून सापडणार नाही.

२००७च्या सुमारास बागेचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करण्याचा मोठा आराखडा पुढे आला. त्यात जुन्या झाडांची आणि मूळ मांडणीची काय गत होईल, या काळजीने काही नागरिक एकत्र आले. त्यांत पुढाकार महिलांचा होता. त्यांनी झाडं मोजली, त्यांची नावं नोंदवली, कागदपत्रं धुंडाळली, आणि महापालिकेसमोर व वारसा समितीसमोर बाजू मांडली. मूळ आराखडा जसाच्या तसा झाला नाही, तो बदलावा लागला. बागेला १५० वर्षं झाली त्या २०१२ साली याच मंडळींपैकी काहींनी तिच्यावर पुस्तकही काढलं. शहराच्या वारशासाठी इतक्या चिकाटीने केलेलं काम क्वचित दिसतं.

२०१६मध्ये सोलहून हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन आले. पुढच्या वर्षी त्यांचा कक्ष खुला झाला आणि गर्दी पुन्हा फुगली. आज गावाहून आलेली कुटुंबं आधी तिकडेच धावतात, आणि त्यात वावगं काही नाही. बुधवारी बाग बंद असते. इतर दिवशी सकाळी लवकर आत शिरावं, पेंग्विनांच्या रांगेत लागण्याआधी तासभर झाडांच्या बुंध्यांवरच्या पाट्या वाचत फिरावं, आणि बाहेर पडताना संग्रहालयही बघावं. एवढ्यासाठी भायखळ्याला उतरणं सार्थकी लागतं.