मोटारींच्या मूळ साहित्याचे जतन

संग्राह्य ठरू शकणाऱ्या नव्या मोटारीसोबत कारखान्यातून आलेली कागदपत्रे, खुणा व सुटे साहित्य मूळ अवस्थेत राखण्याची पद्धत.

उगम : अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने नव्या मोटारीच्या काचेवर किंमत-तपशिलाचे लेबल बंधनकारक झाले, सिनेटर माइक मनरोनी यांच्यावरून त्यास ‘मनरोनी लेबल’ म्हणतात. १९७८ मध्ये शेव्हरोलेने इंडियानापोलिस शर्यतीच्या अग्रगामी मोटारीच्या ६,५०२ कॉर्व्हेट प्रतिकृती काढल्या. अनेक खरेदीदारांनी त्या न वापरताच साठवल्या. बाजूच्या अक्षरपट्ट्या गाडीसोबत सुट्या मिळत. काहींनी त्या चिकटवल्याच नाहीत (पहा : कॉर्व्हेट).

वैशिष्ट्ये : काचेवरील लेबल, बांधणी-पत्रक, मालक-पुस्तिका, हमीपत्र, किल्ल्यांचे जोड, हत्यारांची पिशवी व वाहतुकीतील आवरणे यांचा यात समावेश होतो. त्या काळच्या कॉर्व्हेटमध्ये बांधणी-पत्रक इंधनटाकीवर चिकटवलेले असे. कागद आम्लमुक्त आवरणात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवतात. प्लास्टिकखाली ओल साचून रंग बिघडू शकतो; त्यामुळे काही आवरणे काढून स्वतंत्र जपतात (पहा : अभिलेख-संरक्षण).

महत्त्व : कागदपत्रे व गाडीवरील क्रमांक ताडून अस्सलपणा, मूळ रंग व जोडसाधने ठरवता येतात. फेरारीचा ‘क्लासिके’ विभाग कारखान्यातील नोंदींच्या आधारे प्रमाणपत्र देतो (पहा : चॅसिस क्रमांक, फेरारी).