ओतलेले तेल, काढलेले तेल

बैलगाडीच्या काळात लांबच्या वाटेला निघणारा गाडीवान दोन गोष्टी सहसा विसरत नसे : बैलांची वैरण आणि गाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे. चाक कुरकुरू लागले की तो गाडी उभी करी, चाक आसावरून थोडे बाहेर ओढी, काडीला गुंडाळलेल्या चिंधीने वंगण लावी आणि पुढे निघे. लावलेल्या वंगणाचे पुढे काय झाले, याची चौकशी करण्याचे त्याला कारण नव्हते. त्यातले थोडे रस्त्याच्या धुळीत मिसळे, थोडे चाकाच्या तुंब्यावर काळे होऊन साचे, आणि उरलेले नाहीसे होई. वंगण घालणे एवढेच काम होते; घातलेले वंगण पुन्हा काढून घ्यावे, ही कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती.

मोटारीने ही रीत बदलली. मोटारीच्या एंजिनातील तेल खर्ची पडत नाही. ते आतल्या आत फिरत राहते, फिरता फिरता मळते आणि काही अंतर तोडल्यावर ते काढून नवे भरावे लागते. घराच्या अंगणात गाडी उभी करून, तिच्याखाली पसरट भांडे ठेवून एंजिनचे तेल व गाळणी बदलणे, हे काम पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, असंख्य गृहस्थांनी स्वतःच्या हातांनी केलेले आहे. वरवर पाहता ही एक किरकोळ कारागिरी होय. तथापि तिच्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक प्रश्न बराच काळ कोणी मोठ्याने विचारला नाही : नवे तेल कोठे ओतायचे हे सर्वांना कळले, पण काढलेले तेल कोठे न्यायचे?

वाफेच्या एंजिनांना प्रारंभी जनावरांची चरबी आणि वनस्पतींची तेले घालीत. वाफेच्या उष्णतेने ही चरबी विघटित होई आणि तिच्यातून निघालेली आम्ले धातूलाच खात. १८५९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक याच्या विहिरीला सुमारे ७० फुटांवर खनिज तेल लागले. त्या तेलाची पहिली मातब्बरी दिव्यासाठी होती. जॉन एलिस नावाचा एक डॉक्टर तर त्यात औषधी गुण सापडतात का, हे पाहत होता. औषध त्याला गवसले नाही, परंतु हे तेल वाफेच्या एंजिनाला चरबीपेक्षा अधिक मानवते, हे त्याने हेरले आणि १८६६ साली वंगणतेलाचा कारखाना काढला. खनिज वंगणाच्या व्यापाराचा पाया जे थोडे लोक घालीत होते, त्यांत हा एक डॉक्टर होता.

तेल मिळाले तरी ते घालणारा हात लागतच होता. त्या काळी आगगाडी थोडे अंतर चालून थांबे, आणि तेलाची झारी घेतलेला माणूस एंजिनभोवती फिरून सांध्यासांध्यांत तेल घाली. अमेरिकेतील मिशिगन सेंट्रल रेल्वेवर हे काम करणाऱ्यांत एलाइजा मॅकॉय हा तरुण होता. केंटकीच्या गुलामगिरीतून कॅनडात पळून आलेल्या आईबापांचा हा मुलगा. एडिंबरोस जाऊन तो यंत्रविद्या शिकून आला होता. परंतु कृष्णवर्णी माणसाला एंजिनिअरची जागा कोण देणार? त्याला मिळाले ते कोळसा लोटण्याचे आणि तेल घालण्याचे काम. त्याच कामातून त्याने, एंजिन चालू असतानाच तेल आपोआप ठिबकत राहील, असे साधन बनविले आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. तेलासाठी गाडी थांबविण्याची गरज त्यामुळे पुष्कळ कमी झाली.

तेल नेमके करते काय, हे मात्र अद्याप कोणालाच नीट ठाऊक नव्हते. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हा एंजिनिअर आगगाडीच्या आसांवरील बेअरिंगांचे प्रयोग करीत होता. त्याने बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी एक भोक पाडले. आस फिरू लागला, तसे तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊन वाहू लागले. टॉवरने भोकात बूच मारले. ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकली. अखेर त्याने तेथे दाबमापक बसविला, तेव्हा दर चौरस इंचाला २०० पौंडांहून अधिक दाब भरला. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढून नेतो आणि त्या तेलाच्या पातळ थरावर स्वतः तरंगतो, म्हणजे धातूला धातू लागतच नाही, ही गोष्ट त्या उडालेल्या खुंटीने सिद्ध केली. पुढे १८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्स याने तिचे गणित मांडले. मोटारीचे एंजिन आजही त्याच पातळ थरावर चालते. तेलात मिसळलेला वाळूचा कण त्या थरापेक्षा मोठा झाला, की तो धातूला ओरखडा पाडतो. म्हणून तेल असणे पुरेसे नाही. ते स्वच्छ असावे लागते.

प्रारंभीच्या अनेक मोटारींत व विमानांत तेल गाडीवानाच्या वंगणाप्रमाणे एकदाच वापरले जाई. पहिल्या महायुद्धातील विमानांची फिरती एंजिने एरंडेलावर चालत आणि न जळलेले तेल हवेत फेकीत. ‘कॅस्ट्रॉल’ या १९०९ साली बाजारात आलेल्या प्रसिद्ध तेलाचे नावच एरंडाच्या इंग्रजी नावावरून पडले आहे. आपल्याकडे घरोघरी पोट साफ करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या तेलाची ही दुसरी कीर्ती अनेकांना ठाऊक नसते.

सामान्य गृहस्थाला तेल बदलावयास शिकविले ते फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीच्या आसपास खपलेल्या या गाडीत तेलाचा पंप नव्हता आणि गाळणीही नव्हती. तळाशी साठलेले तेल फिरत्या भागांच्या फटकाऱ्याने उडे व सगळीकडे पोचे. तेल किती आहे ते पाहण्यासाठी एंजिनाच्या मागील अंगाला एकाखाली एक अशा दोन तोट्या होत्या. तेलाची पातळी त्या दोहोंच्या मधे असली पाहिजे. म्हणून मालकाने गाडीखाली सरपटत जावे, तोटी उघडावी आणि तेल येते की नाही ते पाहावे. कच्च्या रस्त्यांची धूळ एंजिनात जाई, न जळलेले पेट्रोल तेलात उतरून त्याला पातळ करी. साहजिकच हजार मैलांच्या आतबाहेर तेल काढून टाकण्याचा सल्ला दिला जाई. रेल्वेत जे काम पगारी नोकराचे होते, ते अशा रीतीने मालकाच्या अंगावर आले.

या कामातील दुसरा टप्पा म्हणजे गाळणी. अर्नेस्ट स्वीटलंड या गाळणयंत्रांच्या जाणकाराने १९२३ च्या सुमारास एंजिनच्या तेलासाठी गाळणी तयार केली. तिच्यात तेल गाळण्यासाठी विणलेले कापड होते. १९२४ साली निघालेल्या क्रायस्लर गाडीत ती बसविण्यात आली. प्रारंभीच्या गाळण्यांतून तेलाचा थोडासाच भाग जाई. सगळे तेल प्रत्येक फेरीत गाळून घेण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. मळलेली गाळणी डब्यासकट फिरवून काढावी व नवी हाताने बसवावी, ही सोय १९५० नंतरच्या दशकात आली. याच दुमजली सोयीमुळे, म्हणजे स्वस्त तेल आणि फिरवून बसणारी गाळणी यांमुळे, घरच्या घरी तेल बदलणे हा अमेरिकेत सुटीच्या दिवसाचा रिवाज झाला.

ही कृती सोपी असली तरी तिच्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. एंजिन थोडे चालवून कोमट करायचे, कारण कोमट तेल पातळ होऊन बसलेला मळ घेऊन बाहेर पडते. मात्र कढत तेलाने हात भाजतो, म्हणून थोडे थांबायचे. गाडी सपाट जागी, भक्कम घोड्यांवर टेकवायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ. तळाचा बोल्ट सोडून तेल भांड्यात उतरू द्यायचे. जुनी गाळणी काढताना तिचे रबरी कडे एंजिनला चिकटून राहिले नाही ना, हे पाहायचे. एकावर दुसरे कडे बसले तर तेल गळून एंजिन कोरडे पडते. नव्या कड्याला बोटाने तेल लावून गाळणी हातानेच आवळायची. मग पुस्तिकेत सांगितलेले तेल सांगितल्या मापाने भरायचे, एंजिन क्षणभर चालवायचे, कोठे गळत नाही ना ते बघायचे आणि पट्टीवर पातळी तपासायची.

भांड्यातील काळे तेल पाहून अनेकांना ते वाईट प्रतीचे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. आधुनिक तेलात मळ धुऊन काढणारी व तो तरंगत ठेवणारी द्रव्ये असतात. काजळी एंजिनात साचू न देता तेल ती स्वतःच्या अंगावर घेते. तेल काळे होते ते आपले काम चोख केल्यामुळे.

आणि येथेच तो टाळलेला प्रश्न समोर येतो. एंजिन स्वच्छ झाले. मळ भांड्यात आला. सामान्य मोटारीचे हे तीन-चार लिटर तेल कोठे जायचे? १९६३ साली एका लोकप्रिय अमेरिकी मासिकाने वाचकांना सल्ला दिला, की अंगणात खड्डा खणावा, त्यात खडी भरावी आणि तेल ओतावे. पुढच्या खेपेपर्यंत ते जमिनीत जिरेल. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. तो गाडीवानाच्याच रीतीने विचार करीत होता. फरक इतकाच, की गाडीवानाचे वंगण बोटभर होते आणि हे तेल कोट्यवधी गाड्यांचे होते. त्यात धातूंचे कण आणि ज्वलनातून आलेली विषारी द्रव्ये होती. एक गॅलन वापरलेले तेल दहा लाख गॅलन गोड्या पाण्याला दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते.

मिसूरी राज्यातील टाइम्स बीच या सुमारे दोन हजार वस्तीच्या गावाने या सवयीची किंमत मोजली. गावचे रस्ते कच्चे होते. धूळ बसावी म्हणून १९७२ ते १९७६ या काळात त्यांवर टाकाऊ तेल शिंपडण्यात आले. त्या तेलात एका रासायनिक कारखान्याचा डायॉक्सिनयुक्त मळ मिसळलेला होता. विष एंजिनच्या तेलाचे नव्हते; पण टाकाऊ तेल म्हणजे कोणी विचारपूस न करण्याची वस्तू, या समजुतीच्या आडोशाने ते गावात आले. १९८२ च्या अखेरीस हा प्रकार उजेडात आला, १९८३ साली सरकारने गावच विकत घेऊन रिकामे करण्याचे ठरविले आणि १९८५ साली त्याची नगर म्हणून नोंद रद्द झाली.

१९८० साली अमेरिकेत वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराचा कायदा झाला होता. भारतातही १९८९ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांनंतर या विषयाची बांधणी होत गेली, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी उत्पादक व आयातदार यांच्यावरही टाकण्यात आली. हे तेल रद्दी नव्हे, याचा हिशेबही मांडण्यात आला आहे : ४२ गॅलनांच्या एका पिंपातील कच्च्या तेलातून जेवढे वंगण निघते, तेवढे एक गॅलन वापरलेले तेल पुन्हा शुद्ध केल्यास मिळते. वंगण फारसे झिजत नाही. ते मुख्यतः मळते, आणि मळलेली वस्तू धुता येते.

तथापि नियम फाटकापर्यंत येतात. भांडे हाती असते ते माणसाच्या. आपल्याकडे ‘जळके ऑइल’ म्हणून सेंट्रिंगच्या फळ्यांना फासले जाणारे, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चोपडले जाणारे, किंवा गॅरेजमागच्या गटारात मुकाट्याने सोडले जाणारे तेल हे त्याच जुन्या समजुतीचे अवशेष होत. घट्ट झाकणाच्या डब्यात, पाणी किंवा अन्य द्रव न मिसळता, हे तेल व निथळलेली गाळणी अधिकृतपणे गोळा करणाऱ्याच्या हवाली करणे, ही तेल बदलण्याच्या कृतीची शेवटची पायरी आहे. बहुतेकांच्या लेखी मात्र नव्या तेलाची पातळी पट्टीवर बरोबर दिसली, की काम संपते.

गाडीवानाने नळकांड्यातील वंगण वाटेवर सांडले आणि वाटेने ते पोटात घेतले. तेवढी उदारता आजच्या वाटेजवळ उरलेली नाही. एंजिनात ओतलेले तेल ज्याचे, काढलेले तेलही त्याचेच, एवढा साधा हिशेब शिकण्यास यंत्रयुगाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. आणि तो अजून पुरता पाठ झालेला नाही.