पंगत आणि पैज

सातपुड्याच्या गाविलगड रांगेचा उतार संपून पयनघाटाची काळी जमीन जेथे सुरू होते, त्या पट्ट्यात, आजच्या अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, हिवरखेड हे जुने गाव वसलेले आहे. त्याच्या उत्तरेस मेळघाटाचे अरण्य आहे, अकोटच्या वरच्या अंगाला नरनाळ्याचा किल्ला आहे, आणि जवळच ते अडगाव आहे, जेथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला आणि वऱ्हाडच्या राजकीय भवितव्याला निराळे वळण लागले. लढाईचा इतिहास शाळेत शिकविला जातो. परंतु त्या धामधुमीच्या पाठोपाठ या मुलखावर जी उपासमार आली, तिचा उल्लेख क्वचितच होतो. पुढे १८९९ साली पाऊस रुसला तेव्हा, संवताच्या आकड्यावरून ज्याला लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणू लागले त्या दुष्काळात, याच समृद्ध कापूसप्रांतातील कुटुंबे सरकारी खडी फोडण्याच्या कामांवर आणि अन्नछत्रांच्या दारांशी उभी राहिली. वऱ्हाडच्या भोजनसंस्कृतीचा विचार करताना हे दोन प्रसंग दृष्टीआड करता येत नाहीत, कारण ज्या समाजाने रिकामी कणगी पाहिलेली असते, त्याला भरल्या पानाची अपूर्वाई वाटावी हे स्वाभाविकच आहे.

ही अपूर्वाई येथल्या रोडग्यांच्या पंगतीत जशी प्रकट होते तशी अन्यत्र क्वचितच होत असेल. नवस फेडावयाचा असो, मारुतीचा वा महादेवाचा भंडारा असो, की शेतातले काम उरकल्यावर सोयऱ्याधायऱ्यांना बोलावणे असो, गव्हाच्या जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजावेत, राख झटकून ते तुपात चुरावेत, आणि तुरीचे वरण व वांग्याची झणझणीत भाजी यांसह पळसाच्या पत्रावळीवर वाढावेत, असा हा सोपा आणि तृप्तिदायक बेत असतो. त्याला फार भांडी लागत नाहीत, बैठकीत लहानथोरांचा भेद फारसा चालत नाही, आणि पाटलापासून सालदारापर्यंत सर्वांच्या पुढ्यात तेच अन्न येते. दोन-तीन रोडग्यांत बहुतेकांचे पोट भरते. आणि नेमके तेथूनच आग्रह सुरू होतो.

आग्रहाला आपल्या पंगतीत जे स्थान मिळाले, त्यामागे यजमानाच्या प्रतिष्ठेचा हिशेब आहे. पेशवाईत श्रावणमासाच्या दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यास लोटत, आणि विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत दक्षिणा व ब्राह्मणभोजन यांवर सरकारी खजिन्यातून अपार द्रव्य खर्च होई. त्या परंपरेवर लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रातून प्रसिद्ध केलेल्या शतपत्रांत कठोर प्रहार केले. विद्येऐवजी भोजन व दक्षिणा यांवर विसंबणारा वर्ग देशाला कसा घातक आहे, हे त्यांनी निर्भीडपणे सांगितले. वऱ्हाडात ही प्रतिष्ठा निराळ्या मार्गाने आली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव गगनाला भिडले, पाठोपाठ आगगाडी आली, हातात रोकड खेळू लागली, आणि लग्नाच्या जेवणावळींना ऊत आला. भाव उतरले तरी जेवणावळी मात्र उतरल्या नाहीत, आणि सावकाराच्या वहीत ज्या नोंदी होत गेल्या त्यांत बियाण्याच्या कर्जाशेजारी लग्नाचे कर्जही ठाण मांडून बसले.

अशा पंगतीत, जेथे वाढणारा हटत नाही आणि जेवणारा हरावयास तयार नसतो, तेथे पैज उभी राहण्यास विशेष कारण लागत नाही. अमका किती लाडू रिचवितो, तमका जिलबीचे ताट एकट्याने संपवितो की नाही, असे कोणी तरी म्हणावे, भोवतालच्यांनी कड घ्यावी, पैसे लागावेत, आणि एरवी गावात ज्याला कोणी विचारीत नाही अशा एखाद्या गरीब परंतु धडधाकट माणसाला क्षणभर नायकपद मिळावे! त्याची भूक आणि त्याची मानाची हौस या दोहोंचा तमाशा इतरांनी भरल्या पोटी पाहावयाचा असतो. या प्रकारातील क्रौर्य मला त्यातील धोक्याहून कमी वाटत नाही.

ही जाणीव वऱ्हाडाला बाहेरून कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. हिवरखेडहून फार दूर नसलेल्या शेगावी २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज प्रथम दृष्टीस पडले, ते एका घरची पंगत उठल्यानंतर बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरील भाताची शिते वेचून खाताना. दासगणू महाराजांनी १९३९ साली रचलेल्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात पुढे आणखी एक प्रसंग आहे. भक्तांनी नैवेद्यावर नैवेद्य आणून, जेवून झालेल्या महाराजांना पुन्हा जेवण्याचा आग्रह केला. महाराजांनी पुढे आलेले सर्व अन्न निमूटपणे खाल्ले आणि मग ओकून टाकले. दुराग्रहाचा परिणाम काय होतो हे दाखविण्यासाठी ही लीला, असे ग्रंथकार सुचवितात. ज्या ग्रंथाचे पारायण या मुलखात घरोघर होते, त्यातच हा धडा असावा आणि पारायणाच्या समाप्तीच्या पंगतीत त्याचा विसर पडावा, हे खेदजनक आहे. गाडगे महाराजांनी तर अमरावती-अकोल्याच्या गावोगावी, ऋण काढून सण व जेवणावळी करू नका म्हणून आयुष्यभर कंठशोष केला. आणि तरीही त्यांनीच भुकेल्यांसाठी सदावर्ते व धर्मशाळा उभारल्या. अन्न देणे आणि अन्नाचे प्रदर्शन करणे या दोहोंतील अंतर त्यांच्याइतके स्वच्छ कोणी ओळखले नाही.

वैद्यकाची साक्षही जुनी आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानात आहाराच्या मात्रेला स्वतंत्र अध्याय दिला, कुक्षीचे चार भाग कल्पून दोन अन्नाने, एक पेयाने भरावा आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असा नियम त्याने घातला. त्याच अध्यायात अतिमात्र भोजनाने उद्भवणारा अलसक हा विकार वर्णिलेला आहे, ज्यात अन्न वर येत नाही, खालीही जात नाही, आळशासारखे आमाशयात पडून राहते आणि रोग्यास तीव्र वेदना देते. आधुनिक शल्यवैद्यही अशीच एक अवस्था जाणतो: सामान्यतः एक-दीड लिटर अन्नपाणी सामावणारे जठर अतोनात ताणले गेले म्हणजे त्याच्या भित्तीचा रक्तपुरवठा खुंटतो, आणि प्रसंगी ती फाटते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील वैद्यांनी २००७ साली एका धंदेवाईक खाऊवीराचे जठर क्ष-किरणांखाली तपासले, तेव्हा ते आकुंचनाची शक्ती हरवून ढिल्या पिशवीसारखे झालेले त्यांना आढळले.

तथापि खरा मृत्यू बहुधा गळ्यातच दबा धरून असतो. घाईने, नीट न चावता, श्वास आणि घास यांची वेळ चुकवून खाल्ले की अन्न श्वासनलिकेत अडकते. चार-सहा मिनिटे प्राणवायू न मिळाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ लागते, आणि तेवढ्या अवधीत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका खेड्यात पोहोचणे दुरापास्त असते. २०२४ च्या सप्टेंबरात केरळच्या पालक्काड जिल्ह्यात ओणमनिमित्त भरविलेल्या इडली खाण्याच्या स्पर्धेत एका प्रौढ गृहस्थाचा असाच अंत झाला. त्यापूर्वी २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात एक माणूस दोन हजार रुपयांच्या पैजेखातर अंडी खाता खाता कोसळला आणि दगावला. आपल्याकडेही वडगाव मावळ येथील एका उपाहारगृहाने २०२१ च्या प्रारंभी सुमारे चार किलोंची मांसाहारी थाळी एका तासात संपविणाऱ्यास बुलेट मोटारसायकल देऊ केली होती, आणि त्या बातमीचे सर्वत्र कौतुक झाले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर चार जुलैला जी स्पर्धा होते, तिच्यात दहा मिनिटांत ७६ हॉट डॉग खाण्याचा विक्रम २०२१ मध्ये झाला. तेथे निदान वैद्यकीय पथक हजर असते. गणेशोत्सवाच्या मंडपातील जिलबीच्या स्पर्धेत ते कोठून असणार?

मग मनाई करावी काय? स्वतःच्या घरी कोणी किती खावे यात सरकारने पडू नये, हा आक्षेप मी मान्य करतो. परंतु व्यासपीठ उभारून, घड्याळ लावून, बक्षीस जाहीर करून दुसऱ्याला धोक्यात लोटणे ही खाजगी बाब राहत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करार रद्दबातल मानते. हयगयीने मृत्यू घडविल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होऊ शकते. पण ही दोन्ही कलमे अनर्थ घडून गेल्यावर जागी होतात. चीनने २०२१ मध्ये अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदा करून अतिभोजनाच्या चित्रफितींच्या प्रसारणाला दंड ठेवला. आपल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यासही मानवी जीवितास असलेला धोका टाळण्यासाठी मनाईहुकूम काढण्याचा अधिकार आहे. तो हुकूम दोन महिन्यांपुरता चालतो, म्हणून त्यावर विसंबून न राहता राज्य शासनाने वेगाने वा प्रमाणाबाहेर खाण्याच्या सार्वजनिक स्पर्धांना कायमची बंदी घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. हिवरखेडच्या आणि तालुक्यातील प्रत्येक गावच्या मंडळांना, भंडारे घालणाऱ्यांना आणि पोलिस पाटलांना माझी विनंती आहे की यंदाच्या उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेतून अशी स्पर्धा वगळावी, आणि तिच्या बक्षिसाची रक्कम मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या अंगणवाडीच्या पोषण आहाराला द्यावी.